फुडचा वारा

करडीमाळाच्या धावपट्टीला मनोरा नाही.
हुक्केरीच्या पुढे, कुठल्याशा बंद कारखान्याने
चेअरमनसाहेबांसाठी ओढलेली नऊशे मीटर डांबराची रेघ.
पश्चिम टोकाला रंगवलेलं ०९, पूर्व टोकाला २७,
आणि मधोमध, बहुतेक वेळा, शेळ्या.

त्या हाकलायला भरमू नाईकवाडी.
हवामान खातंही तोच.
पहिल्याच दिवशी मी विचारलं, आज वारा कसा आहे?
म्हणाला, आमच्यात वारा म्हंजे आठवडा, बाई.
तुमी इचारतासा ती गाळी.
आठवडा बरा गेला. गाळी मूडणाकडनं हाय.
मूडण म्हणजे पूर्व, हे मी होकायंत्रात बघून घेतलं.

बस्तवाडकर सर सांगायचे,
जिथे सांगणारं कोणी नाही तिथे आधी वरून एक फेरी मार.
वाऱ्याची पिशवी बघ.
पिशवी नसेल तर तळं बघ, ज्या काठाशी पाणी गुळगुळीत
त्या काठावरून वारा येतो.
बगळे बघ, पाठीवर वारा घेऊन ते कधी उठत नाहीत.
दोरीवरचं धुणं बघ.
आणि खात्री नसेल तर सांबऱ्याला परत ये,
लाजू नकोस, टाकीत जास्तीचं पेट्रोल त्यासाठीच घालतो आपण.

माघातली सकाळ. शेजारची सीट रिकामी.
पिशवी दहिवराने भिजून खांबाला चिकटलेली,
न्हाणीतल्या पंचासारखी.
हिडकलचं पाणी धुक्याखाली.
संकेश्वरकडच्या चिमणीचा धूर पूर्वेला पळत होता,
म्हणजे पश्चिमेचा वारा, म्हणजे २७.
शिवाय इथे सगळे २७ वरच उतरतात, माझ्या वहीतसुद्धा तेच होतं.
मी वळलेही.

मग गुऱ्हाळ दिसलं.
काहिलीचा धूर उसाच्या तुऱ्यांना घासत
पार उलटा, पश्चिमेकडे सरपटत चाललेला.
इतका वेळ मी वरच्या मजल्याचं ऐकत होते
आणि उतरायचं होतं तळमजल्यावर.

झिरो नाइन, मी रेडिओवर म्हटलं.
पुन्हा म्हटलं, वळण घेताना. पुन्हा, शेवटच्या सरळीत.
कोणी उत्तर दिलं नाही.
उत्तर नाही म्हणजे आकाश रिकामं,
असं मी धरून चालले, हे इथे लिहून ठेवते.

कारण दोनशे फुटांवर असताना
पट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक दिवा लागला.
वाढत गेला.
औषधफवारणीचं पिवळं विमान, २७ वर, माझ्याच दिशेने,
त्याच्याही वहीत माझ्या वहीतलंच.

हात आपोआप गेला. पूर्ण पॉवर, उजवीकडे, वर.
पंखाखालून पिवळं काहीतरी निघून गेलं.
मी ओरडले की नाही आठवत नाही.

पाठीवर वारा घेऊन तो उतरला, थांबता थांबेना,
कुंपणापाशी जाऊन एकदाचा टेकला.
मी आणखी एक फेरी मारली,
आणि ०९ वर, पूर्वेकडे तोंड करून, हळू उतरले.
फार हळू. पाय मात्र पेडलवर थरथरत राहिले.

शिंत्रे नाव त्याचं, निपाणीचा, टक्कल पडलेला, घाबरलेला.
रेडिओ भलत्याच फ्रिक्वेन्सीवर होता म्हणाला.
दोनदा म्हणाला. मग चहा मागितला.
चूक कुणाची हे ठरवायला तिथे कोणी नव्हतं,
म्हणून आम्ही दोघंही गप्प बसलो
आणि एकाच किटलीतला चहा प्यालो.

भरमू शिडी घेऊन खांबावर चढला,
पिशवी काढली, धोतर पिळतात तशी पिळली,
झटकली, परत अडकवली.
ती आधी नुसती लोंबत राहिली,
मग पोट फुगवून पश्चिमेकडे आडवी झाली.
अर्ध्या तासाने उशीर झालेली साक्षीदार.

निघताना त्याने शेळ्या बाजूला केल्या,
हात उंचावून ओरडला,
फुडच्या वाऱ्याला येनार न्हवं, बाई?

मी आधी पिशवीकडे बघितलं.
आठवड्याचं म्हणतोय, हे नंतर कळलं.